खांदे टेकलेले दिसले पाहिजेत : कुस्तीवरच्या एका नाटकाच्या नेपथ्य-मॉडेलचं प्रकरण

कुस्तीचा निकाल जमिनीला चिकटून लागतो. क्रिकेटमध्ये चेंडू हवेत जातो, बास्केटबॉलमध्ये सगळं डोक्याच्या वर चालतं. कुस्तीत दोन खांदे मातीला टेकले की संपलं. नाटकवाल्यांसाठी ही फार अडचणीची गोष्ट आहे, कारण रंगमंचाची जमीन ही प्रेक्षकाला सर्वांत कमी दिसणारी जागा. पुढच्या ओळीत बसलेल्या माणसाचे डोळे आणि रंगमंचाची पातळी जवळजवळ सारखीच असते. त्याला नटांचे चेहरे, हात, कंबर, गुडघे सगळं दिसतं आणि पावलांपाशी नजर संपते. नेमकं तिथंच आमच्या नाटकातलं सगळ्यांत महत्त्वाचं घडणार होतं.

संस्था हौशी, नाटक दोन अंकी. तालमीतला एक म्हातारा वस्ताद आणि त्याचा पट्ठा यांची गोष्ट. पहिला अंक हौद्यात, म्हणजे तालमीतल्या लाल मातीच्या आखाड्यात. दुसऱ्या अंकात पोरगा गादीवर, म्हणजे मॅटवर, खेळायला जातो आणि वस्तादाला ते मनातून पटलेलं नसतं. कोल्हापुरात हा विषय कुणाला समजावून सांगावा लागत नाही. महाराष्ट्र केसरीला आजही माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हीकडचे विजेते किताबासाठी समोरासमोर येतात. खाशाबा जाधव इथल्या राजाराम कॉलेजात शिकले, मातीत घडले, आणि १९४८ ला लंडनला सहावा क्रमांक, १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक, हे दोन्ही त्यांनी मिळवलं ते गादीवर. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

संहितेत तीन कुस्त्या आहेत. पहिल्या अंकाच्या शेवटी पट्ठा चितपट होतो. पंच हात वर करतो, आणि वस्ताद भर फडात ओरडतो, की खांदे टेकलेच नाहीत. पुढचं सगळं नाटक या एका वाक्यावर उभं आहे. प्रेक्षकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं की खांदे टेकलेत, म्हणून वस्तादाचं ते नाकारणं त्याला टोचतं. प्रेक्षकाला खांदेच दिसले नाहीत, तर त्याला वाटणार की वस्ताद खरंच सांगतोय, आणि नाटक भलत्याच रस्त्याला लागणार.

माझ्याकडे या नाटकाचं व्यवस्थापन होतं: हॉलचं बुकिंग, टेम्पो, पैसे, माणसांना वेळेवर आणणं. नेपथ्य एका तरुण मुलीकडे होतं. तिने पहिल्याच बैठकीत सांगितलं की मॉडेल, म्हणजे सेटची छोटी प्रतिकृती, केल्याशिवाय मी सुताराला एक खिळा मारू देणार नाही. हौशी संस्थांत मॉडेलला चैन समजतात. कागदावर आराखडा काढायचा, बाकीचं रंगमंचावर गेल्यावर बघू, ही आपल्याकडची सवय. या प्रकरणात मॉडेलने काय केलं ते मी जवळून पाहिलं, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

दोन शेजारी

कोल्हापुरात कुस्ती आणि नाटक भिंतीला भिंत लावून राहतात. शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले, रोमचं कलोसियम पाहून आले, आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. त्याला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर झालं, म्हणजे आजचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. एकाच राजाने, एकाच जागी, दोन-तीन वर्षांच्या अंतराने या दोन वास्तू बांधल्या. मात्र पाहण्याच्या दृष्टीने त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत. खासबाग खोलगट परातीसारखं आहे. लोक चहूबाजूंनी उतारावर बसतात आणि खाली बघतात. सर्वांत मागच्या माणसालाही पाठ मातीला लागलेली दिसते, आणि हलगीच्या कडकडाटात हजारो माणसं एकदमच उठतात. शेजारच्या नाट्यगृहात लोक एकाच बाजूला बसतात आणि समोर किंवा वर बघतात. मैदानातली कुस्ती नाट्यगृहात न्यायची म्हणजे ही नजर उलटी करायची. नेपथ्याचा सगळा प्रश्न हाच होता.

आमचा प्रयोग मात्र केशवरावला होऊ शकत नव्हता. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवराव भोसल्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते नाट्यगृह जळालं. ज्यांनी आयुष्यातलं पहिलं नाटक तिथं पाहिलं अशी या गावात घरोघरी माणसं आहेत. त्या रात्रीविषयी बोलताना अजूनही आवाज बदलतो. आम्ही शहरातलंच दुसरं सभागृह घेतलं. रंगमंचाची उघडीप २८ फूट, खोली २२ फूट, झालरीपर्यंत उंची १४ फूट, रंगमंच प्रेक्षागृहाच्या जमिनीपासून साडेतीन फूट वर. पहिली ओळ रंगमंचाच्या काठापासून १० फुटांवर, आणि पहिल्या बऱ्याच ओळी सपाट जमिनीवर. ही शेवटची गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी, पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं.

अर्धा इंच म्हणजे एक फूट

मॉडेलसाठी तिने १:२४ हे प्रमाण धरलं. अर्धा इंच म्हणजे एक फूट. कॉलेजात ती मीटरवर शिकलेली, १:२५ ची सवय असलेली. पण आपले मिस्त्री फूट-इंचात विचार करतात. मॉडेलवर पट्टी ठेवली की आकडा दुप्पट करून फूट मिळतात, मध्ये कॅल्क्युलेटर लागत नाही. टिंबर मार्केटातून लाकूड आणणाऱ्या माणसाला हे फार सोयीचं पडतं.

आधी नुसती खोकी केली: काळ्या माउंटबोर्डची, सभागृहाच्या रंगमंचाच्या मापाची. विंगा, झालरी, मागचा पडदा, आणि वर दिव्यांच्या आडव्या पाइपांच्या जागी बांबूच्या काड्या. खोक्याच्या तळाखाली पावणेदोन इंचांचा ठोकळा दिला, कारण साडेतीन फुटांचं अर्ध्या इंचाच्या हिशेबात तेवढंच होतं. समोर टेबलावर पुठ्ठ्याच्या खुर्च्यांच्या ओळी मांडल्या. बहुतेक मॉडेलांत हा प्रेक्षागृहाचा भाग नसतोच. तिने तो आधी केला, मग रंगमंचावरचं काम हातात घेतलं.

तालमीतली मापं घ्यायला आम्ही मंगळवार पेठेत गेलो. चपला बाहेर काढल्या, मारुतीला नमस्कार केला, काठावर बसलो. पोरांनी नुकतीच माती खणून ठेवली होती. ताक, तेल, हळद, लिंबू मुरलेल्या मातीला जो वास येतो तो त्या खोलीच्या भिंतींतही शिरलेला असतो. टेप पोरांनीच धरला. खरा हौदा आमच्या अख्ख्या रंगमंचापेक्षा थोडासाच लहान निघाला. तेव्हा नाटकातला हौदा १४ फूट रुंद, १२ फूट खोल, काठ ९ इंच उंच, आत ६ इंच माती, असा ठरला. काठ ठेवायचा हा दिग्दर्शकांचा आग्रह होता. पैलवान काठ ओलांडून आत उतरतो आणि माती कपाळाला लावतो, ते त्यांना हवंच होतं.

पहिलं मॉडेल पांढरंच होतं, कुठंही रंग नाही. ही पद्धत मला आता मनापासून पटते. रंग आला की डोळा हरखतो आणि मापाकडे दुर्लक्ष होतं. पांढऱ्या कार्डाचा हौदा, मागे तीन पायऱ्यांचा कट्टा, त्यावर फडातले लोक, एका बाजूला मल्लखांब, दुसरीकडे मारुतीचा कोनाडा. तांब्याच्या तारेची माणसं, प्रत्येकी पावणेतीन इंचांच्या किंचित वर. म्हणजे पाच फूट आठ इंचांचा गडी. आम्ही सगळे टेबलाभोवती उभे राहिलो, वरून पाहिलं, आणि सगळ्यांना ते फार आवडलं.

काडीवरची खूण

मग तिने सगळ्यांना खाली बसायला लावलं. पहिल्या ओळीच्या जागी एक आइस्क्रीमची काडी उभी केलेली होती, तिच्यावर पेन्सिलची खूण. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ४४ इंचांवर असतात. मॉडेलमध्ये ते पावणेदोन इंचांच्या जरासं वर. रंगमंचाची पातळी ४२ इंच. म्हणजे पहिल्या ओळीतल्या प्रेक्षकाचा डोळा रंगमंचाच्या फळीपेक्षा फक्त दोन इंच वर. एक डोळा मिटून, हनुवटी टेबलाला लावून, त्या खुणेच्या पातळीतून पाहायचं. ज्यांना वाकता येत नव्हतं त्यांच्यासाठी मोबाइल. तो उलटा धरला की कॅमेऱ्याचं भिंग टेबलाजवळ येतं आणि खुणेच्या उंचीवर नेमकं बसतं.

आमच्या नाटकाला कुस्तीचे डाव शिकवणारे एक खरे वस्ताद होते. ते गुडघ्यावर बसले, डोळा लावला, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरी, ह्यात पाट कुठं दिसतीया? मला नुसता काठ दिसाय लागलाय, आणि वर त्येचं नाक."

"तेच दाखवायचं होतं, वस्ताद," ती म्हणाली.

हिशेब साधा आहे. काठ रंगमंचाच्या कडेपासून ४ फूट आत, म्हणजे पहिल्या ओळीपासून १४ फुटांवर. डोळा २ इंचांवर, काठ ९ इंचांवर. नजर काठावरून गेली की १४ फुटांत ७ इंच चढते, म्हणजे दर फुटाला अर्धा इंच. हौद्याच्या मधोमध, आणखी ६ फूट मागे, ती फळीपासून १२ इंचांवर पोचते. माती ६ इंचांवर आहे. उताणा पडलेल्या माणसाची छाती त्याच्यावर नऊ-दहा इंच, म्हणजे वरची कड १५-१६ इंचांवर. प्रेक्षकाला दिसणार ती वरची तीन-चार इंचांची छाती. खांदा मातीला जिथं टेकतो तो खालचा ६ इंचांचा भाग पूर्ण झाकलेला. पाचव्या ओळीतून थोडं सुधारतं, पण तिथं पुढच्यांची डोकी आडवी येतात. ज्या एका क्षणावर नाटक उभं, तो सपाट भागातल्या कुणालाच दिसणार नव्हता.

वरून पाहणाऱ्या आमच्यापैकी एकाच्याही हे ध्यानात आलं नव्हतं, आणि त्यात नवल नाही. मॉडेल टेबलावर असतं, माणूस उभा असतो, आणि उभा माणूस कायम खासबागेतल्या प्रेक्षकासारखाच खाली बघत असतो. रंगमंचाचं मॉडेल म्हणूनच फसवतं. ते खुर्चीच्या उंचीवरून पाहायचं ठरवलं तरच खरं बोलतं. आपल्या संस्थांमध्ये मॉडेलचा फोटो वरून काढून गटावर पाठवतात आणि त्यावरच सगळे पसंती कळवतात. हा प्रकार बंद व्हायला हवा असं मला कळकळीने वाटतं.

उतार

काठ काढला तरी प्रश्न सुटत नव्हता. सपाट फळीवर पडलेला माणूस दोन इंचांच्या उंचीवरून एका रेषेसारखा दिसतो. जमीनच प्रेक्षकाकडे झुकवायला हवी होती.

तिने तीन तुकडे कापून आणले होते, हौद्याच्या जागी बदलून बसवता येतील असे. एक सपाट, एक फुटाला एक इंच चढणारा, एक फुटाला दीड इंच. दीड इंचाचा उतार खुर्चीतून फार देखणा दिसला, सगळी माती समोर उघडी पडली. बारा फुटांत तो अठरा इंच चढतो. दिग्दर्शक लगेच म्हणाले, हाच. वस्तादांनी मात्र तारेचे दोन पैलवान उचलले. त्यांची बोटं जाड, एका बोटाचं नख कधीकाळी उखडलेलं. पण त्यांनी ती तार अशी वाकवली की पाहत राहावं. एकाला दुसऱ्याच्या पाठीवर घातलं, धोबीपछाडच्या पवित्र्यात, आणि उताराच्या तोंडाशी उभं केलं. मग बोट सोडलं. वरचा पैलवान घरंगळत रंगमंचाच्या काठावरून खाली, पुठ्ठ्याच्या पहिल्या ओळीत गेला.

"हे बगा," ते म्हणाले. "सपाटीवर पडणारा जागच्या जागी पडतोय. उतरणीला पडणारा थांबत न्हाई. हितं पोरांच्या मानंचा खेळ हाय."

त्याच आठवड्यात मंडळाच्या हॉलमध्ये प्लायच्या फळ्या विटांवर टेकवून दोन्ही उतार खऱ्या मापाने करून पाहिले. आमच्या दोन नटांपैकी एकजण शाळेत कुस्ती खेळलेला, दुसऱ्याला वस्तादांनी घडवलेलं. दीड इंचाच्या उतारावर दोघंही सतत उताराच्या बाजूला सरकत होते, घोट्यावर ताण येत होता. एका इंचाच्या उतारावर थोड्या वेळाने पाय बसले. तो ठरला. पुढची कड ४ इंच, मागची १६ इंच. डोळा पुढच्या कडेच्याही खाली असूनही पृष्ठभाग दिसतो, कारण नजर चौदा फुटांत जेमतेम दोन इंच चढते आणि जमीन मात्र दर फुटाला एक इंच. हे गणित नेपथ्य करणाऱ्या मुलीने मिस्त्रींना मॉडेलवर दोरा ताणून दाखवलं: एक टोक काडीच्या खुणेला, दुसरं हौद्याच्या मागच्या कडेला. दोरा मातीला कुठंही टेकला नाही. मिस्त्रींना तेवढं पुरलं.

काठ गेला, पण अर्धाच. पुढचा काढला, दोन्ही बाजूंचे आणि मागचा ठेवला. पैलवान आता बाजूच्या काठावरून उतरतो. दिग्दर्शकांना हवी असलेली ती उतरण्याची कृती उलट जास्त चांगली दिसते, कारण ती कडेने दिसते.

वस्तादांनी उतारावरच्या कुस्तीचे नियम ठरवून दिले आणि ते मॉडेलवरच तारेच्या माणसांनी मांडले. जोड नेहमी डावी-उजवीकडे तोंड करून लागायची, एकजण चढावर आणि एकजण उतारावर अशी कधीच नाही. म्हणजे कुणाला फुकटचा फायदा नाही आणि प्रेक्षकाला दोघंही दिसतात. फेकायचं ते आडवं किंवा चढाच्या दिशेने. प्रेक्षकांच्या दिशेने एकही डाव नाही. चितपट होताना अंग तिरकं पडायचं, डोकं डावीकडे पुढं, पाय उजवीकडे मागं. अंग सरळ आडवं पडलं तर जवळचा खांदा लांबचा खांदा झाकतो. डोकं थेट प्रेक्षकांकडे आलं तर टाळू तेवढी दिसते. तिरक्या अंगाचे दोन्ही खांदे दिसतात. हा कोन तारेच्या माणसाला फिरवत फिरवत सापडला आणि मग नाटकाच्या तालमीत खडूने फळीवर आखला.

माती

खरी माती हवी, असं निम्म्या लोकांचं म्हणणं होतं. मीही त्यात होतो. पहिल्या आराखड्यातला हौदा भरायला ८४ घनफूट माती लागली असती, पाऊण ब्रासच्या वर, वजनाने तीन टनांच्या आसपास. सभागृहाची फळी एवढं वजन घेईल का हा एक प्रश्न, आणि प्रयोग संपल्यावर ती उपसून पुढच्या कार्यक्रमाआधी रंगमंच झाडून द्यायचा हा दुसरा. उतारावर तर सुटी माती राहतच नाही, दोन कुस्त्यांत सगळी खाली येते.

वस्तादांचा आक्षेप वेगळा होता. माती अंगाला लावायची असते, तिच्यावरून सामानाची ओढाताण करायची नसते. सेट लावणारी पोरं चपला घालून तिच्यात फिरणार, हे त्यांना सहन होणारं नव्हतं.

शेवटी हौद्याचा पृष्ठभाग असा ठरला: प्लायवर फोम, त्यावर ताणून ठोकलेलं गोणपाट, त्यावर गेरूच्या दोन-तीन छटा. मॉडेलमध्ये तिने आधी तालमीतली चिमूटभर माती चिकटवून पाहिली होती आणि ती दगडांच्या रानासारखी दिसली. १:२४ मध्ये एक मिलिमीटरचा कण म्हणजे जवळजवळ एक इंचाचा खडा. वस्त्रगाळ केली तरी ओबडधोबडच दिसायची. मग झिरो नंबरचा पॉलिशपेपर गेरूने रंगवून लावला आणि तो थेट मातीसारखा वाटला. खरी माती उरली ती एका घमेल्यात, मागच्या डाव्या कोपऱ्यात, मारुतीच्या पायाशी. सलामीआधी पैलवान तिथून मूठभर घेतो, स्वतःच्या अंगाला लावतो, मग समोरच्याच्या. तेवढीच मूठ दिव्याखाली उडते. ती धूळ पाहिली की मागचं गोणपाटही मातीच वाटायला लागतं. मोबाइलच्या टॉर्चवर पिवळी जिलेटिनं धरून मॉडेलवर रंग तपासले होते. एका पिवळ्यात गेरू भगवा दिसायला लागला, म्हणून रंगात थोडा काळपट तांबडा वाढवला.

गोणपाट चटकन पेटतं. केशवरावच्या आगीनंतर कोल्हापुरातला कुठलाच नाटकवाला हे वाक्य नुसतं वाचून पुढं जात नाही. सगळं गोणपाट अग्निरोधक द्रावणात बुडवून वाळवलं, एक तुकडा मोकळ्या अंगणात पेटवून पाहिला, दिवे त्याच्यापासून लांब बांधले, आणि दोन्ही विंगांत अग्निशामक नळकांडी ठेवली. मॉडेलमध्येही त्यांच्या जागा लाल टिकलीने दाखवल्या होत्या, म्हणजे तिथं कुणी मेकअपची पेटी आणून ठेवणार नाही.

गादीचं वर्तुळ

दुसऱ्या अंकाचा निकाल फार लवकर लागला. दिग्दर्शकांना पूर्ण गादी हवी होती, गोल, स्पर्धेतल्यासारखी. कुस्तीचं वर्तुळ नऊ मीटर व्यासाचं असतं, म्हणजे साडेएकोणतीस फूट. तिने पावणेपंधरा इंचांचं कागदी वर्तुळ कापलं आणि खोक्यात ठेवायला गेली. खोक्याची उघडीप चौदा इंच. कागद दोन्ही बाजूंना वाकून उभा राहिला. कुणी काही बोलायची गरजच पडली नाही.

लहान वर्तुळ करणं वस्तादांना मान्य नव्हतं, आणि ते बरोबर होतं. कोल्हापुरात प्रेक्षकांत दर चौथ्या खुर्चीवर गादी पाहिलेला माणूस बसणार, त्याला छोटी गादी खोटी वाटणार. मग खऱ्या मापाच्या वर्तुळाचा फक्त एक भाग घेतला: कडेचा एक मीटर रुंदीचा पट्टा कमानीसारखा पुढून जातो आणि दोन्ही बाजूंना विंगांत नाहीसा होतो. उरलेली गादी प्रेक्षक मनाने पुरी करतो. कमान खऱ्या मापाची असल्यामुळे तिची वक्रता डोळ्याला पटते. निळं कापड उताराच्या फोमवरच ताणून बसवायचं, बाजूचे काठ उचलून न्यायचे, कट्टा तसाच. हा बदल मध्यंतरात होतो.

मॉडेलला न कळलेलं

रंगमंचावर सेट उभा राहिला तेव्हा दिसण्याच्या बाबतीत काहीच नवं निघालं नाही. पहिल्या ओळीत बसून पाहिलं, पाचव्या ओळीत बसून पाहिलं. काडीवरच्या खुणेतून दिसलं होतं तेच. हे मला फार मोठं यश वाटतं. हौशी नाटकात सेट लावायच्या दिवशी काय काय कापाकापी होते, हे ज्याने अनुभवलंय त्यालाच ते कळेल. मिस्त्रींनी त्या दिवशी करवत पिशवीतून काढलीच नाही.

ऐकू मात्र वेगळंच आलं. पहिला डाव पडला आणि पोकळ प्लाय ढोलासारखी वाजली. मातीत माणूस पडतो तो आवाज दबका, जड असतो. छातीतून श्वास निघाल्याचा आवाज त्याच्यापेक्षा मोठा येतो. इथं धडाम्‌ वाजलं की प्रेक्षकाला लगेच लाकूड आठवणार. पुठ्ठ्याच्या खोक्यात हे कळायला मार्गच नव्हता. मिस्त्रींनी तोड काढली: चौकट आणि प्लाय यांच्यात जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, आणि खालच्या पोकळीत प्लायला भिडतील अशी वाळूची पोती. आवाज पुष्कळ बसला. पोत्यांमुळे सेट जागेवरून हलेनासाही झाला.

प्रयोगात पट्ठा पडला तेव्हा हलगी थांबली, पंचाचा हात वर गेला, आणि वस्तादाचं पात्र ओरडलं. प्रेक्षागृहातून, सपाट ओळींमधूनच, एक म्हातारा माणूस मोठ्याने म्हणाला, "टेकल्यात की!" आमचे खरे वस्ताद विंगेत माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझा दंड धरला तो पडदा पडेपर्यंत सोडला नाही.

पुढचा प्रयोग कोल्हापूरबाहेर, कमी खोलीच्या रंगमंचावर आहे. तिने त्या मापाची नवी खोकी केली आहे. हौद्याची खोली बाराऐवजी दहा फूट होईल, उतार फुटाला एक इंच हाच राहील, म्हणजे मागची कड सोळाऐवजी चौदा इंचांवर येईल. कट्ट्याची मागची पायरी काढावी लागणार असं दिसतंय. तिथली पहिली ओळ रंगमंचाच्या जास्त जवळ आहे, तेव्हा काडीवरची खूण आणि काडीची जागा दोन्ही पुन्हा मोजायला ती पुढच्या आठवड्यात मिस्त्रींना घेऊन जाणार आहे.